गुळाचा कार्बन सापडतो, तांदळाचा लपतो



धान निसवायला लागला आहे, बांधीत पाणी आहे, निंदणं आटोपलं. म्हणजे चार दिवस लिहायला मोकळे. आज धानावर नाही, मधावर आणि मोहाच्या पाकावर लिहितो. विषय जरा प्रयोगशाळेचा आहे, पण पैसा आपल्या खिशातला आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

हल्ली आपल्याकडच्या कोणत्याही प्रदर्शनात जा. चंद्रपूर असो की गडचिरोली, टेबलावर बाटल्या मांडलेल्या असतात. जंगली मध. मोहाचा सिरप. मोहाचे लाडू. जांभळाचा रस. सगळ्यांवर ‘१०० टक्के नैसर्गिक’. अर्ध्यांवर ‘लॅब टेस्टेड’. शहरचा माणूस ते वाचून बाटली उचलतो. मी म्हणतो, ‘लॅब टेस्टेड’ वाचलं की एकच प्रश्न विचारायचा: कोणती टेस्ट? कारण एक टेस्ट गूळ पकडते आणि तांदूळ सोडून देते. आणि आपण राहतो तांदळाच्या मुलखात.

आधी टेस्ट काय असते ते सांगतो.

साखर कोणतीही घ्या, तिच्यात कार्बन असतो. हा कार्बन हवेतून येतो, झाड तो पानातून ओढून घेतं. पण सगळा कार्बन एका वजनाचा नसतो. बहुतेक हलका, १२ वजनाचा. शंभरात साधारण एक जण जड, १३ वजनाचा. झाडाला हे दोन्ही सारखे आवडत नाहीत. मोह, पळस, जांभूळ, ऐन, करंज अशी सगळी झाडं, आणि धान, गहू, तूर, कापूसही, हलका कार्बन निवडून घेतात, जड मागं सोडतात. शास्त्रज्ञ यांना सी-३ म्हणतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी आणि बरीचशी उन्हाळी गवतं यांची कार्बन घ्यायची रीत वेगळी. ती जड कार्बनही बऱ्यापैकी आत घेतात. ही सी-४. निवडुंग, अननस, व्हॅनिला यांचा तिसरा गट, तो बहुतेक या दोघांच्या मधे कुठंतरी बसतो.

आता मजा अशी की माशीनं फुलातला रस घेतला, त्याचा मध केला, आपण तो पिळला, गाळला, बाटलीत भरला, तरी कार्बनचं हे प्रमाण जवळपास तसंच राहतं. उसाचा रस कढवून गूळ केला, गुळाचा पाक केला, तरी ऊस सुटत नाही. चव बदलता येते, रंग बदलता येतो, वास घालता येतो. कार्बनचं वजन मात्र बदलत नाही. हा आकडा मोजायचं यंत्र नमुना जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड करतं आणि जड-हलका वेगळा मोजतं. आकडा उणे मध्ये लिहितात, हजाराच्या हिशेबात. मधाचा साधारण उणे २५, उसाच्या किंवा मक्याच्या साखरेचा उणे १० ते उणे १२ च्या आसपास. अमेरिकेत मधात मक्याचा पाक घालणारे पकडायला ही पद्धत १९७० च्या दशकात बसवली गेली.

गणित सोपं आहे, पोरांकडून करून घ्या. मध उणे २५, गुळाचा पाक उणे ११. बाटलीत पाव हिस्सा पाक घातला तर आकडा येतो उणे २१.५. अर्धा घातला तर उणे १८. लपत नाही बाप्पा.

पण खरा मधही सगळीकडं नेमका उणे २५ नसतो. फुलाप्रमाणं, जागेप्रमाणं दोन-तीन आकडे इकडं-तिकडं होतो. मग थोडीशी भेसळ त्या फरकात लपेल की नाही? म्हणून पुढं एक चांगली युक्ती निघाली. मधात अगदी थोडं प्रथिन असतं. ते माशीकडून आणि परागाकडून आलेलं असतं, पाकातून येत नाही. ते वेगळं काढायचं, त्याचा आकडा घ्यायचा, आणि अख्ख्या मधाच्या आकड्याशी ताडून पाहायचा. म्हणजे मधाच्या पोटातच साक्षीदार बसलेला. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमात दोन्हीतला फरक उणे १ पेक्षा खाली जायला नको आणि सी-४ साखर ७ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं आहे. हे ७ आणि १ असे कुठून आले? वरचंच गणित लावा: उणे २५ आणि उणे ११ यांत फरक १४, त्याचे ७ टक्के म्हणजे जवळजवळ १.

इथपर्यंत टेस्ट झकास. आता भोक पाहा.

मोहाचं झाड सी-३. धानही सी-३. तांदळाच्या कणीवर एन्झाइम सोडून तिचा गोड पाक करतात, त्याचा आकडा मधाच्या पंगतीतच बसतो. मधात उसाऐवजी तांदळाचा पाक घातला तर या टेस्टच्या डोळ्यासमोरून बाटली निघून जाते. मूल, ब्रह्मपुरी, नागभीड या पट्ट्यातल्या राईस मिलमधून जशी कणी निघते, तशीच कणी त्या पाकाचा कच्चा माल. सांगायचा मुद्दा, ज्या टेस्टचा कागद दाखवून बाटली विकली जाते, ती टेस्ट नेमक्या आपल्या पिकापुढं आंधळी आहे.

हे मी हवेत बोलत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं १३ ब्रँडचा मध तपासून घेतला. देशातल्या प्रयोगशाळेत मोठे ब्रँड जवळपास सगळे पास. तेच नमुने जर्मनीत एनएमआर नावाच्या तपासणीला पाठवले, तर बहुतेक नापास. २२ नमुन्यांपैकी सगळ्या तपासण्यांत पास झाले फक्त ५. त्यांनी आणखी एक केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: शुद्ध मधात स्वतः पाक मिसळून नमुने बनवले आणि तपासायला दिले. २५ टक्के पाकाचा पास. ५० टक्के पाकाचाही पास. कंपन्यांनी आरोप नाकारले, आम्ही भारतीय नियम पाळतो म्हणाल्या. आणि इथंच तर गोम आहे, नियम पाळूनही ते शक्य होतं. तांदळाच्या पाकाची खूण शोधणाऱ्या वेगळ्या तपासण्या नियमात आल्या, मधे गळल्या, २०२० मध्ये परत आल्या. अमेरिकेला जाणाऱ्या मधाला १ ऑगस्ट २०२० पासून एनएमआर लागू झाली. म्हणजे परदेशी माणसाच्या मधाला एक चाळणी आणि आपल्या लेकरांच्या मधाला दुसरी. हे मला पटत नाही.

असाच पेच फ्रान्समध्ये वाइनवाल्यांपुढं होता. वाइन कडक करायला काही जण द्राक्षाच्या रसात बिटाची साखर घालायचे. द्राक्ष सी-३, बीटही सी-३. कार्बन गप्प. नांत शहरातल्या जेरार्ड मार्टिन आणि मरीव्हॉन मार्टिन या शास्त्रज्ञ जोडप्यानं १९८० च्या दशकात कार्बन सोडून हायड्रोजन धरला. अल्कोहोलच्या रेणूत कोणत्या जागी जड हायड्रोजन किती बसलाय ते मोजलं, आणि बीट वेगळं पडलं. पुढं युरोपनं ती सरकारी पद्धत म्हणून स्वीकारली. म्हणजे एक टेस्ट आंधळी पडली तर दुसरी शोधता येते. पण त्यासाठी कोणाला तरी पोटतिडीक लागते. फ्रान्सच्या वाइनमागं मोठा धंदा आणि सरकार उभं होतं. कोरची, एटापल्ली, भामरागडच्या मधामागं कोण उभं आहे?

व्हॅनिलाची गोष्टही सांगून टाकतो, कारण ‘नैसर्गिक’ हा शब्द किती ताणता येतो ते तिथं दिसतं. आइस्क्रीमचा तो वास व्हॅनिलिन नावाच्या एका पदार्थाचा. खऱ्या शेंगेतून काढला तर महाग. तोच रेणू पेट्रोलियमच्या मालापासून बनतो. लाकडातल्या लिग्निनपासून बनतो, नॉर्वेत अजून बनतो. (बल्लारपूरच्या पेपर मिलला इतकी वर्षं आपल्या जंगलातला बांबू गेला, त्यातही लिग्निन होतंच.) नाकाला फरक कळत नाही, कार्बनला कळतो: शेंगेचा आकडा उणे २० च्या जवळ, लाकडाचा आणि पेट्रोलियमचा त्याच्या बराच खाली. मग हुशार लोकांनी तांदळाच्या कोंड्यातून फेरुलिक ॲसिड काढलं, जिवाणूंना खाऊ घातलं आणि त्यातून व्हॅनिलिन मिळवलं. युरोपात त्याला ‘नैसर्गिक’ म्हणता येतं, पण ‘व्हॅनिलाचा अर्क’ म्हणता येत नाही. आकडा मोजला की कोंडा लगेच ओळखू येतो, कारण शेंग एका गटातली, धान दुसऱ्या. केरळ-कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी २००३-०४ च्या तेजीत व्हॅनिला लावला आणि भाव पडल्यावर वेली उपटल्या, हे जुन्या लोकांना आठवत असेल. शेंग पिकवणाऱ्याच्या हातात एवढी तपासणी तरी आहे, की माझा माल माझा आहे. आपल्या मधाला तेवढीही नीट मिळत नाही.

आता आपल्या मधाचं दुखणं. आग्या मोहोळाचा मध जंगलातून येतो, त्यात पाणी जास्त असतं. नियमात ओलावा २० टक्क्यांपर्यंत. आग्याचा मध, त्यातही पाऊस जवळ आल्यावर काढलेला, सहज त्याच्या वर जातो. म्हणून तो पातळ दिसतो, फेसाळतो, झाकण उघडलं की फुस्स करतो. मागच्या उन्हाळ्यात बाहेरगावचा एक व्यापारी आमच्याकडच्या लोकांना हेच म्हणाला: “मध पातळ आहे, पाणी घातलंत तुम्ही.” किलोमागं भाव पाडून घेऊन गेला. झाडावर दोराला लटकून मध काढणारा माणूस चोर ठरला. आणि शहरात घट्ट, सोनेरी, एकसारखा पाक शुद्ध ठरतो, कारण त्याचा ओलावा बरोबर १८ टक्के असतो. कारखान्यात बनवलेल्या मालाचा ओलावा बरोबर येणारच की.

इथं आपल्या बाजूनं बोलणारी गोष्टही याच कार्बनच्या टेस्टमध्ये आहे. पेटीतल्या माश्यांना पावसाळ्यात साखरेचं पाणी पाजावं लागतं. वेळ चुकली तर ती साखर मधात उतरते आणि प्रामाणिक पेटीवाल्याचाही आकडा हलतो. आग्या माशीला कोण साखर पाजतो? शंभर-दीडशे फुटांवरच्या फांदीला टांगलेलं मोहोळ, त्याला पाजायला जाणार कोण! गुऱ्हाळावर माश्या येतात हे खरं, पण आपल्या दाट जंगलात गुऱ्हाळ कुठं आहे? म्हणून मला वाटतं, आपल्या मधानं या तपासणीला घाबरू नये, उलट स्वतःहून मागून घ्यावी. फक्त तिच्यासोबत तांदळाच्या पाकाचीही तपासणी मागावी. एकटा कार्बनचा कागद घेऊन नाचू नये.

आणि ते काडी पेटवून पाहणं, पाण्यात थेंब सोडणं, कागदावर ठेवणं, कुत्र्यासमोर धरणं, हे सगळं सोडून द्या. घट्ट पाकही पाण्यात तसाच तळाला जातो. मध थंडीत गोठला म्हणजे साखर घातली असंही नाही, खरा मध गोठतो. व्हॉट्सॲपवर दर हिवाळ्यात हे फिरतं आणि दर हिवाळ्यात खऱ्या मधवाल्याचं गिऱ्हाईक तुटतं.

मोहाच्या पाकाचं वेगळं आहे. मे २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहतूक यावरची बंधनं उठवली. तेव्हापासून बचत गटांच्या बायांनी लाडू, सिरप, जॅम असं बरंच काढलंय, आणि चांगलं काढलंय. पण मोहफुलाला मेहनत फार. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून वेचा, वाळवा, निवडा, केसर काढा. गूळ मात्र दुकानात तयार. सिरपमध्ये गूळ घालायचा मोह (हा दुसरा मोह!) होणारच. घातला तर घाला, पण लेबलवर लिहा. लिहिलं नाही तर एक दिवस कोणीतरी बाटली तपासेल आणि उसाचा आकडा बाहेर येईल. मग एका गटापायी सगळ्या जिल्ह्याच्या मोहाचं नाव जाईल. दारूतही हेच आहे, अल्कोहोलमध्ये साखरेचा कार्बन उतरतो, मोहसडव्यात गूळ किती होता ते त्यावरून काढता येतं. पण दारूबंदीच्या जिल्ह्यात बसून त्यावर जास्त लिहित नाही.

मोहाच्या पाकात माशीचं प्रथिन नाही, म्हणजे मधासारखा पोटातला साक्षीदार नाही. मग ताडायचं कशाशी? त्याच जंगलातल्या, त्याच हंगामातल्या सुक्या फुलाशी. ते फूल कोणीतरी जपून ठेवलेलं पाहिजे. माझं म्हणणं सगळं या एका गोष्टीवर येऊन थांबतं. यंत्र आकडा देतं, पण तो आकडा खरा की खोटा हे ठरवायला आधी खात्रीचा नमुना लागतो. कोणत्या जंगलाचा, कोणत्या महिन्याचा, कोणी काढलेला, कोणासमोर बाटलीत भरलेला. हे प्रयोगशाळा देऊ शकत नाही. हे ग्रामसभाच देऊ शकते.

आपल्याकडं ते करायची जागा तयार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात मध, मेण, मोह हे गौण वनोपज आहे, मालकी ग्रामसभेची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात पहिल्यांदा. त्या गावात माश्या न मारता मध काढण्यावर अभ्यासगट बसायचे, मोहोळाचा मधाचा भागच कापायचा आणि पिल्लांचा भाग ठेवायचा, हे तिथं बोलून-पाहून रुजलं. जे गाव बांबूच्या वाहतूक पासासाठी सरकारशी भांडून पास स्वतःच्या हातात घेऊ शकतं, ते गाव चार बाटल्या सीलबंद करून ठेवू शकत नाही का? आता तर जिल्ह्यात हक्क मिळालेल्या ग्रामसभा शेकड्यांनी आहेत.

यावर मला दोन उत्तरं ऐकायला मिळतात. पहिलं, जुन्या माणसांचं: “आमचा शब्द पुरे आहे, कागद कशाला?” तुमचा शब्द गावात पुरतो काका, नागपुरात पुरत नाही. तिथं तुमच्या शब्दाचा फोटो लावून पाक विकला जातो. दुसरं, पोरांचं: “क्यूआर कोड लावू, झालं.” कोड बाटलीवर बसतो, बाटलीच्या आत बसत नाही. कोडमागं तपासलेला नमुना असेल तर कोडला अर्थ.

तिसरी अडचण मात्र खरी आहे, खर्चाची. पाच किलो मध आणणाऱ्या माणसानं प्रत्येक खेपेला तपासणी करायची म्हटलं तर मधापेक्षा कागद महाग पडेल. म्हणून गावचा मध एकत्र करून एका लॉटची एकच तपासणी करावी. यात धोका आहे, एकानं गुळाचं पाणी घातलं तर सगळ्यांचा लॉट जातो. पण म्हणूनच प्रत्येकाची छोटी बाटली वेगळी ठेवायची. लॉट नापास झाला तर कोणाची बाटली हे नंतर शोधता येतं. हे कळलं की कोणी घालत नाही. खर्च सरकारनं उचलावा असं मी स्पष्ट म्हणतो. २०२० मध्ये गुजरातेत आणंदला मधाची मोठी प्रयोगशाळा उभी राहिली, पुण्यात मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था १९६२ पासून आहे. गडचिरोलीचा नमुना तिकडं पोचवायचा आणि त्याचं बिल द्यायचं, इतकं तर आदिवासी विकासाच्या पैशात बसतं. नमुने ठेवायला सोनापूर आणि सिंदेवाहीचं कृषी विज्ञान केंद्र आहे, गोंडवाना विद्यापीठ आहे. एक फ्रीज आणि एक वही, यापेक्षा जास्त सुरुवातीला लागत नाही. आणि आग्याच्या मधासाठी ओलाव्याचा वेगळा निकष मागायचा तर हेच नमुने पुरावा म्हणून पुढं ठेवावे लागतील.

एक सावधगिरी. कार्बन वाण ओळखत नाही. नांदेडच्या (आपल्या नागभीड तालुक्यातल्या) दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेल्या एचएमटीच्या नावानं दुसराच तांदूळ विकला तर ही टेस्ट काही सांगणार नाही, दोन्ही धानच. कोणी तुम्हाला “आयसोटोपनं एचएमटी शुद्ध असल्याचं सिद्ध केलं” म्हणालं तर चहा पाजून परत पाठवा. तसंच हा मध मोहाचा की करंजाचा हेही कार्बन सांगत नाही, त्याला पराग पाहावे लागतात.

येत्या हंगामाला ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी: काचेची बाटली, पाव किलोची, उकळून पूर्ण कोरडी केलेली. मोहोळ पिळू नका, मध जाळीतून गळू द्या. प्रत्येक काढणीच्या दोन बाटल्या, एक गावात, एक केंद्रात. चिठ्ठीवर तारीख, जंगलाचा कक्ष क्रमांक किंवा आपलं नाव असलेली जागा, झाडाचं नाव, जवळपास काय फुललं होतं, काढणाऱ्याची आणि ग्रामसभेच्या दोघांची सही. हातातला रिफ्रॅक्टोमीटर गावात एक तरी घ्या, ओलावा तिथंच मोजून चिठ्ठीवर लिहा, म्हणजे “पाणी घातलं” म्हणणाऱ्याला उत्तर राहील. बाटली पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात मध खराब होतो आणि तपासणीत एचएमएफचा आकडा चढतो. मोहफुलं असतील तर पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात अर्धा किलो, त्यावरही तीच चिठ्ठी. कोणत्या गावानं सुरू केलं ते खाली लिहा, वहीचा नमुना मी पाठवतो.